नांदण्याचा अवकाश : क्वीअर अद्भुत कादंबरीमालिका आणि तिचा वाचक

१

वाचकाची एखाद्या ग्रंथावर विशेष प्रीती असते, या साध्या गोष्टीची वाङ्मयसमीक्षेने सहसा दखल घेतलेली नाही. कृतीचा घाट, तिचा आशय, तिच्यामागील परंपरा यांविषयी समीक्षक विस्ताराने बोलतो. परंतु एकच कादंबरीमालिका पाचसहा वेळा वाचणारा, तिच्या पुढील खंडाची वर्षानुवर्षे वाट पाहणारा, तिच्यातील पात्रांविषयी आप्तांविषयी बोलावे तसे बोलणारा जो वाचक असतो, त्याला तो फार तर समाजशास्त्राच्या हवाली करतो. ‘आवडते पुस्तक’ ही वाचकाची खाजगी बाब समजली जाते आणि तिच्यातून कृतीविषयी काही कळू शकेल ही शक्यता आरंभीच बाजूला सारली जाते. काही वाङ्मयप्रकारांच्या बाबतीत ही उपेक्षा फारशी बाधक ठरत नसेल. पण ज्या प्रकारात वाचकाची आसक्ती ही रचनेचाच एक घटक होऊन बसलेली असते, तेथे ती बाजूला ठेवून केलेले विवेचन अपुरे राहते. क्वीअर अद्भुत कादंबरीमालिका हा असा एक प्रकार आहे.

या प्रकाराच्या वाट्याला दुहेरी अप्रतिष्ठा आलेली आहे. अद्भुत कादंबरी म्हणजे कादंबरीचे बालपण, ही समजूत मराठीत तरी चांगलीच रुजलेली आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि तिच्यामागून आलेल्या रम्याद्भुत कथा यांना आपण इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात जागा देतो व हरिभाऊ आपट्यांपाशी कादंबरी वयात आली असे मानून पुढे जातो. दुसरी अप्रतिष्ठा मालिकेची. अनेक खंडांत पसरलेली कथा ही प्रकाशकाच्या हिशेबातून जन्मते, कलात्मक गरजेतून नव्हे, असे धरून चालण्याचा प्रघात आहे. या प्रघाताला आधार नाही असेही नाही. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन भाग (१९५४-५५) पडले ते मुख्यतः छपाईचा खर्च आणि विक्री यांच्या विचाराने, लेखकाच्या मनात तो एकच ग्रंथ होता. पुढे तीन खंड हा या प्रकाराचा संकेतच होऊन बसला.

‘क्वीअर’ ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने घेतली आहे. समलिंगी प्रेम, स्त्री-पुरुष या विभागणीत न बसणारी व्यक्तित्वे, आणि ज्यांना समाजाने नाव दिलेले नाही असे जिव्हाळ्याचे संबंध यांचा तीत समावेश होतो. विवेचनासाठी मुख्यतः चार अमेरिकन लेखकांच्या मालिका निवडल्या आहेत : मर्सिडीज लॅकी, एलेन कुशनर, रॉबिन हॉब आणि सॅम्युएल डिलेनी. चौघांची गुणवत्ता सारखी नाही. पण एका प्रश्नाला त्यांनी दिलेली चार उत्तरे एकत्र ठेवून पाहिली असता या प्रकाराचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा अशी दोन्ही स्पष्ट होतात. तो प्रश्न अंताचा आहे.

२

विसाव्या शतकातील इंग्रजी वास्तववादी कादंबरीत समलिंगी प्रेमाचा अंत कसा होतो, हे पाहिले तर एक विलक्षण एकसुरीपणा आढळतो. रॅडक्लिफ हॉल यांच्या ‘द वेल ऑफ लोन्लिनेस’ (१९२८) मध्ये नायिका स्टीफन आपल्या प्रेयसीला एका पुरुषाच्या हाती सोपवण्यासाठी स्वतःच्या बेइमानीचे नाटक रचते; एवढा त्याग करूनही या कादंबरीवर त्याच वर्षी इंग्लंडमध्ये अश्लीलतेचा खटला चालला आणि प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. अमेरिकेत मॅरिजेन मीकर यांनी व्हिन पॅकर या टोपणनावाने लिहिलेल्या ‘स्प्रिंग फायर’ (१९५२) या स्वस्त आवृत्तीतल्या कादंबरीला प्रकाशकाने अटच घातली होती की शेवट सुखाचा नसावा. सुखान्त पुस्तक टपालखात्याने अडवले असते. म्हणजे ज्या अंताला आपण शोकात्म म्हणून कलेच्या खात्यात जमा करतो, तो पुष्कळदा कायद्याने लिहवून घेतलेला असतो.

या संदर्भात ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘मॉरिस’चे उदाहरण सर्वांत उद्बोधक आहे. १९१३-१४ साली लिहिलेली ही कादंबरी लेखकाच्या मृत्यूनंतर १९७१ साली प्रसिद्ध झाली. दोघा पुरुषांचे प्रेम सुखान्तच झाले पाहिजे असा फॉर्स्टर यांचा आग्रह होता. पण एडवर्डकालीन इंग्लंडात या जोडप्याला ठेवायचे कोठे, याचे उत्तर त्यांच्या वास्तववादापाशी नव्हते. शेवटी त्यांनी मॉरिस आणि ॲलेक यांना हरितवनात धाडले. रॉबिन हूडच्या लोककथांतून इंग्रजी मनात वसलेले ते रान. एका काटेकोर वास्तववादी लेखकाला ऐन शेवटच्या क्षणी अद्भुताचा आश्रय घ्यावा लागला, ही घटना या प्रकाराच्या पूर्वेतिहासात महत्त्वाची मानली पाहिजे. आणि हेही ध्यानात घेतले पाहिजे की कादंबरी त्या वनाच्या सीमेवर थांबते. आत गेल्यावर ते दोघे काय खातात, कशावरून भांडतात, म्हातारपणी एकमेकांना कसे सांभाळतात, हे आपल्याला कळत नाही.

मराठीतही चित्र फारसे निराळे नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाची परिणती मित्राच्या आत्मघातात होते. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मध्ये ज्याच्यावर भाऊ आणि बहीण दोघांचेही प्रेम जडते तो पाहुणा निघून जातो आणि उरते ती मागे राहिलेल्यांची आठवण. या कृतींचे मोल त्यामुळे कमी होत नाही. परंतु मृत्यू आणि प्रस्थान यांपलीकडे जे राहते त्यासाठी मराठीत एक नेमके क्रियापद आहे : नांदणे. लग्नात वडीलधारी माणसे वधूवरांना सौख्यभरे नांदण्याचा आशीर्वाद देतात. नांदणे म्हणजे नुसते सुखी असणे नव्हे. एका घरात काळ काढणे, रुसणे, आजारपण काढणे, सवयीचे होणे, असे सर्व त्यात येते. वास्तववादी कथनाने समलिंगी प्रेमाला उत्कटता भरपूर दिली; नांदण्याचा अवकाश मात्र दिला नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की क्वीअर अद्भुत कादंबरीने मालिकेच्या रूपाने हा अवकाश मिळवला, आणि वाचकाची त्या मालिकांवरील आसक्ती हे या प्राप्तीचेच लक्षण होय.

३

मर्सिडीज लॅकी यांची ‘द लास्ट हेरल्ड-मेज’ ही त्रयी (‘मॅजिक्स पॉन’, १९८९, ‘मॅजिक्स प्रॉमिस’ व ‘मॅजिक्स प्राइस’, दोन्ही १९९०) या प्रकारातील वाचकप्रिय मालिकांत अग्रगण्य आहे. तिच्या तिसऱ्या खंडाला लॅम्बडा साहित्य पुरस्कार मिळाला. कथानायक व्हॅन्येल हा सरदारपुत्र. गायनाची ओढ असलेला, बापाच्या नजरेत नालायक. आत्याकडे राजधानीत पाठवला असता टायलेंडेल या तरुणावर त्याचे प्रेम जडते. जुळ्या भावाच्या हत्येने भ्रमिष्ट झालेला टायलेंडेल प्राण देतो आणि त्या आघाताने व्हॅन्येलच्या ठायी प्रचंड मांत्रिक शक्ती जागी होते. पुढे तो राज्याचा आधारस्तंभ होतो आणि अखेरीस उत्तरेची खिंड एकट्याने लढवीत मरतो.

सारांशाने पाहिल्यास हा जुनाच अंत झाला : प्रियकराची आत्महत्या, नायकाचे बलिदान. शिवाय हा अंत गुप्तही नाही. लॅकी यांच्या आधीच्या ‘ॲरोज ऑफ द क्वीन’ (१९८७) या कादंबरीच्या आरंभीच एक मुलगी व्हॅन्येलच्या बलिदानाची आख्यायिका वाचीत बसलेली दाखवली आहे. म्हणजे त्रयी हाती घेणाऱ्या जुन्या वाचकाला नायक मरणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. मग तो तीन खंड कशासाठी वाचतो?

याचे उत्तर मधल्या खंडात सापडते. पहिल्या आणि दुसऱ्या भागांच्या दरम्यान बराच काळ लोटलेला आहे. व्हॅन्येल थकलेला आहे, सुटीवर घरी आला आहे, आणि घर त्याला सहन करण्याचा प्रयत्न करीत आहे. बापाचा धाक, आईची त्याचे मन वळवण्याची धडपड, मुलाच्या जवळपास वावरताना नातेवाइकांना वाटणारी बेचैनी, आणि हळूहळू, अनेक अवघड प्रसंगांतून, बापाच्या मनाचे सैल होत जाणे : या सर्वांना एक स्वतंत्र कादंबरीभर जागा मिळाली आहे. एकखंडी शोकांतिकेत बाप हा एक धक्का असतो. मालिकेत तो एक माणूस होतो, कारण त्याला बदलायला वेळ मिळतो. याखेरीज मूनडान्स आणि स्टारविंड या दोघा मांत्रिकांचे जोडपे मालिकेत आहे. त्यांच्या कथेत नाट्य फारसे नाही. ते एकत्र राहतात, एवढेच. व्हॅन्येल त्यांच्या घरी जातो तेव्हा असे जगणे शक्य असते हे त्याला, आणि त्याच्याबरोबर वाचकालाही, प्रत्यक्ष दिसते.

लॅकी यांचे लेखन निर्दोष नाही. आत्मकरुणेची छटा वारंवार उमटते. शत्रुपात्रे सपाट आहेत. मृत प्रियकराचा आत्मा स्टेफेन या गायकाच्या रूपाने पुन्हा जन्मास येतो ही योजना सोयीची वाटते. तरीही मृत्यूनंतर त्या दोघांचे आत्मे उत्तरेच्या अरण्याचे रक्षक म्हणून एकत्र राहतात, या समाप्तीकडे केवळ भाबडेपणा म्हणून पाहणे योग्य होणार नाही. फॉर्स्टर ज्या वनाच्या कडेला थांबले त्या वनात लॅकी आत शिरतात. मृत्यूचा संकेत त्यांना मोडता आला नाही, पण मृत्यूनंतरही नांदणे चालू ठेवण्याइतकी मोकळीक अद्भुताने त्यांना दिली.

४

एलेन कुशनर यांनी प्रश्न अगदी निराळ्या तऱ्हेने हाताळला. त्यांच्या ‘स्वोर्ड्सपॉइंट’ (१९८७) मध्ये मंत्रतंत्र मुळीच नाही. एक अनाम नगर आहे, टेकडीवर सरदारांचे वाडे आणि नदीच्या बेटावर गुंडपुंडांची वस्ती आहे; सरदार आपले तंटे भाडोत्री तलवारबाजांकडून सोडवून घेतात. रिचर्ड सेंट व्हायर हा असा एक तलवारबाज, आणि ॲलेक हा विद्यापीठ सोडून आलेला, तिरसट, मरणाची ओढ असलेला त्याचा सखा. या नगरात पुरुषाने पुरुषावर किंवा स्त्रीने स्त्रीवर प्रेम करणे ही चर्चेची बाबच नाही. कथेतील सर्व धोके राजकारणातून आणि स्वभावातून येतात. प्रेमाच्या जातीतून एकही येत नाही. या कादंबरीतील अद्भुत आहे ते एवढेच.

यावर पलायनवादाचा आक्षेप स्वाभाविकपणे येतो. जो पूर्वग्रह प्रत्यक्षात माणसांचे जीव घेतो तो कल्पित जगातून पुसून टाकणे म्हणजे प्रश्न टाळणे नव्हे काय? या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत. एक असे की पूर्वग्रह वगळल्यावर प्रेम सोपे होत नाही, हेच कुशनर दाखवतात. ॲलेकची आत्मविनाशी वृत्ती, रिचर्डची हिंसेतील निर्विकारता, दोघांमधील वर्गभेद, हे सर्व तेथे आहेच. आणि ज्या अडचणींना आपण एरवी ‘समाजाचा दोष’ म्हणून मोकळे होतो त्या येथे माणसांच्या म्हणून तपासाव्या लागतात. दुसरे उत्तर मालिकेच्या पुढल्या भागात आहे. ‘द प्रिव्हिलेज ऑफ द स्वोर्ड’ (२००६) मध्ये वर्षे लोटलेली आहेत. ॲलेक आता विक्षिप्त ड्यूक झालेला आहे. रिचर्ड शहरापासून दूर खेड्यात राहतो आणि त्याची दृष्टी जात चाललेली आहे. ज्या जोडीची तरुण झळाळी वाचकाने मनात जपली होती, तिचे हे वय वाढलेले, काहीसे विटलेले रूप पाहणे सुखाचे नाही. पण ते पाहिल्याशिवाय पहिल्या कादंबरीतील प्रेम किती खोल होते याची प्रतीतीही येत नाही. अखेर जहागिरीचा भार भाचीवर टाकून ॲलेक रिचर्डसह नगर सोडून जातो, तेव्हा हे प्रस्थान परागंदा होण्यासारखे न वाटता उशिरा घडलेल्या गृहप्रवेशासारखे वाटते.

याच कादंबरीत आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची अशी एक उपकथा आहे. ड्यूकची भाची कॅथरीन हिला मामाच्या लहरीखातर पुरुषी वेषात तलवारबाजी शिकावी लागते. तिची आणि आर्टेमिशिया या सरदारकन्येची मैत्री जमते ती एका कादंबरीच्या वेडातून : ‘ज्याचे नाव मृत्यू नव्हते असा तलवारबाज’ अशा अर्थाचे शीर्षक असलेली, मुली चोरून वाचतात अशा जातीची ती भडक प्रेमकथा. पुढे आर्टेमिशियावर तिच्या वाग्दत्त वराकडूनच बलात्कार होतो आणि तिचे आईबाप ते प्रकरण झाकू पाहतात. तिचे म्हणणे खरे मानणारी आणि तिच्या मानासाठी द्वंद्वाला उभी राहणारी व्यक्ती एकच निघते : कॅथरीन. हे दोघींनी एकमेकींना कोणत्या भाषेत सांगितले? त्या लाडक्या कादंबरीच्या भाषेत. मान म्हणजे काय, आव्हान कसे द्यावे, सखीसाठी काय करावे, हे शब्द त्यांना घरातून मिळाले नव्हते, धर्मातून वा कायद्यातूनही मिळाले नव्हते. ते त्यांना त्या ‘हलक्या’ पुस्तकाने दिले होते.

कुशनर त्या अंतर्गत कादंबरीला थोर ठरवीत नाहीत. तिच्या भडकपणाकडे त्या मिस्किलपणे पाहतात. आवडत्या पुस्तकाची थोरवी त्याच्या गुणांत असेलच असे नाही. पण दोन वाचकांमध्ये ते जी समाईक भाषा निर्माण करते तिची किंमत खरी असते, असा विचार येथे कथारूपाने मांडलेला आहे. क्वीअर वाचकांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच लागू पडते. कुळाची, जातीची, गावाची भाषा मुलाला घरातूनच मिळते. आपल्या प्रेमाची भाषा मात्र या वाचकाला पुष्कळदा घराबाहेर, पुस्तकात शोधावी लागते. ‘तुला कोणती मालिका आवडते?’ हा प्रश्न अशा दोन वाचकांमध्ये ओळखीच्या खुणेसारखा वापरला जातो, तो याच कारणाने.

५

रॉबिन हॉब यांची ‘रेल्म ऑफ द एल्डरलिंग्ज’ ही मालिका १९९५ ते २०१७ या बावीस वर्षांत सोळा कादंबऱ्यांतून पूर्ण झाली. त्यांतील नऊ कादंबऱ्यांचा मुख्य निवेदक फिट्झ हा राजघराण्यातील अनौरस पुत्र आणि राजाचा गुप्त मारेकरी. त्याचा आयुष्यभराचा सोबती म्हणजे दरबारचा विदूषक. हा विदूषक कोण आहे, कोठला आहे, पुरुष आहे की स्त्री, याचा निर्णय सोळा खंडांत कोणीही देत नाही. एका त्रयीत तो दरबारी विदूषक असतो, दुसरीत अँबर नावाची काष्ठशिल्पी स्त्री, तिसरीत एक छानछोकी सरदार. विदूषकाचे फिट्झवर प्रेम आहे आणि त्या प्रेमाला तो कसलीही सीमा घालीत नाही. फिट्झ मात्र या नात्याला मैत्रीहून अधिक काही म्हणायला तयार नसतो. शरीरसंबंधाचा तर विचारही तो फेटाळतो. तो एका स्त्रीशी लग्न करतो, संसार करतो, आणि तरीही त्याच्या आत्मकथनाचे केंद्र विदूषकच राहते.

हे प्रेम नाव न घेता सोडले आहे, ही लेखिकेची सावधगिरी आहे, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप मालिकेची रचना ध्यानात न घेता केलेला आहे. दुसऱ्या त्रयीत फिट्झ प्रत्यक्ष येतच नाही. कथा दूरच्या बंदरांत, जिवंत जहाजांच्या भोवती घडते. तेथे अँबर एका जखमी जहाजाच्या पुढील मूर्तीचा चेहरा नव्याने कोरते. तो चेहरा फिट्झचा आहे. त्या त्रयीपुरते पाहिले तर हे कोणालाही कळण्याचे कारण नाही. हे जाणतो तो केवळ पहिली त्रयी वाचून आलेला वाचक. फिट्झला स्वतःला ही गोष्ट कळते ती पुढे ‘गोल्डन फूल’ (२००२) मध्ये, जेक नावाच्या एका स्त्रीकडून. तिने ते जहाज पाहिलेले असते आणि ती फिट्झला पाहताच ओळखते. ती त्यांना प्रेमिक समजून चालते, फिट्झ संतापतो, आणि त्यातून दोघांत मालिकेतील सर्वांत कडू भांडण होते.

या योजनेचे मर्म असे : निवेदक ज्या प्रेमाला नाव देण्याचे नाकारतो ते प्रेम मालिकेच्या देहावर, एका खंडाकडून दुसऱ्या खंडाकडे, कोरले जाते, आणि ते वाचण्याची जबाबदारी आसक्त वाचकावर येते. एक खंड वाचून उठणाऱ्याला ते दिसणारच नाही. वाचकाची निष्ठा ही येथे रसग्रहणाची पूर्वअट होते. फिट्झच्या ठायी आणखी एक जन्मजात शक्ती आहे, प्राण्यांशी मनाने जोडले जाण्याची. तिच्यापायी लोकांना फाशी देऊन जाळले जाते आणि म्हणून ती लपवावी लागते. लपवून जगणाऱ्याची जी सवय तिने त्याला लावली ती प्रेमातही त्याच्या आड येते, हे लेखिका सांगत नाही; पण सोळा खंडांच्या संथ ओघात ते वाचकाला उमगते.

मराठी अभ्यासकापुढे ही मालिका एक वेगळाच पेच उभा करते. इंग्रजीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांत भेद नाही. विदूषक स्वतःविषयी बोलतो तेव्हा त्याचे लिंग झाकलेले राहू शकते. मराठीत प्रथमपुरुषी क्रियापदच ते उघड करते. भाषांतरकाराला पहिल्याच वाक्यात असा निर्णय घ्यावा लागेल की जो लेखिकेने बावीस वर्षे टाळला. प्रस्तुत विवेचनात विदूषकासाठी पुल्लिंग वापरले आहे ते फिट्झच्या सवयीला अनुसरून. अँबरचा उल्लेख स्त्रीलिंगी करणे तितकेच यथार्थ आहे. कोल्हापूरकडील बोलीत बायकाही ‘मी आलो’ म्हणतात, हे येथे आठवते. प्रमाणभाषेला जी वाट बंद आहे ती बोलीत उघडी असू शकते. असे भाषांतर कोणी हाती घेतल्यास त्याने आपल्या बोलींकडे या दृष्टीने पाहावे.

६

आतापर्यंतच्या तीन मालिकांत अद्भुताने दिलेला अवकाश हा देणगीसारखा आला आहे. ही देणगी निर्मळ आहे काय, हा प्रश्न या प्रकाराच्या आतूनच सॅम्युएल डिलेनी यांनी विचारला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९४२ साली जन्मलेल्या या कृष्णवर्णीय लेखकाने १९७९ ते १९८७ या काळात ‘नेव्हेरियॉन’ मालिकेचे चार ग्रंथ लिहिले. इतिहासपूर्व काळातील एका कल्पित साम्राज्यात पैसा, लेखन आणि बाजार नुकते येऊ लागले आहेत. गॉर्गिक हा खाणीतला गुलाम मुक्त होतो आणि पुढे गुलामांचा मुक्तिदाता होतो. पण त्याची कामवासना गुलामीच्या लोखंडी गळपट्ट्याशी जोडलेली आहे. त्याचा तरुण जोडीदार आणि तो यांच्यापैकी एकाच्या गळ्यात तो पट्टा असल्याखेरीज त्यांचा शृंगार पुरा होत नाही; आणि त्याच पट्ट्याचा उपयोग ते गुलामांच्या मालकांना फसवून गुलाम सोडवण्यासाठीही करतात.

ज्या चिन्हाने माणसाला बांधले, त्याच चिन्हातून त्याची इच्छा घडली, आणि त्याच चिन्हाने तो इतरांना सोडवतो. अशा नायकाला निष्पाप प्रेमाचे प्रतीक करता येत नाही. कुशनर यांनी दमन पुसून टाकले. डिलेनी विचारतात की दमन पुसले तर इच्छेची आपली ओळख तरी शिल्लक राहील काय. कल्पित जगातही माणूस आपल्या इतिहासातून आलेली वासनाच घेऊन जातो, हे त्यांचे उत्तर.

‘फ्लाइट फ्रॉम नेव्हेरियॉन’ (१९८५) या तिसऱ्या ग्रंथातील रोगराई आणि उत्सव यांच्या कथेत तर अद्भुताची भिंतच पडते. कल्पित कोल्हारी नगरात एक साथ पसरते, आणि तिच्याबरोबरच १९८०च्या दशकातील न्यूयॉर्कमधील एड्सच्या साथीचे तुकडे कथेत येऊ लागतात. लेखक स्वतः, त्याचे मित्र, रस्त्यावरील बोलणी, अफवा. कथेतील ऐकीव माहितीवर विसंबू नये असे बजावणारी पुरवणीही लेखकाने जोडली. माणसे मरत असताना नांदण्याचा अवकाश ही कल्पना कशी टिकवायची, हा तेथील खरा प्रश्न होता. डिलेनी यांनी मालिका सोडून दिली नाही. त्यांनी ती उघडी केली. पलायनाचा आरोप ज्याला पटतो त्याने हा ग्रंथ अवश्य वाचावा. पळून जाण्यासाठी बांधलेल्या घराच्या दारात स्वतःच्या शहराला बसवून घेणे, हे वास्तववादाहून अधिक कठीण कार्य आहे.

डिलेनी यांचे वाचक लॅकी यांच्या वाचकांहून थोडे असणार, हे उघड आहे. परंतु हे दोन वाचकवर्ग परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. अनेक वाचक पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेलेले असतात. आश्वासन मिळाल्यानंतरच माणूस संशय पेलू शकतो.

७

या विवेचनातून आवडत्या मालिकेच्या संकल्पनेविषयी काही निष्कर्ष काढता येतील. मालिकेवरील आसक्ती पुनरावृत्तीच्या ओढीने निर्माण होते, हे अंशतः खरे आहे; या प्रकाराच्या नावाखाली पुष्कळ यांत्रिक लेखनही होते, आणि बाजाराला खंडांची भूक असतेच. पण लॅकी, कुशनर आणि हॉब यांच्या वाचकाला ज्याची ओढ असते ते केवळ ओळखीचे पुन्हा भेटणे नव्हे. ज्या नात्यांना कथेने चिरकाल क्षणभंगुर ठेवले, त्या नात्यांना वय येताना, ती विटताना, पुन्हा जुळताना पाहणे, हे त्या ओढीचे विषय आहेत. समीक्षेने या ओढीला कृतीच्या आकलनाचे साधन मानावे. कोणत्या खंडाशी वाचक पुन्हापुन्हा परततात, हा प्रश्न रचनेविषयीचाच प्रश्न असतो. व्हॅन्येलच्या त्रयीत मधला खंड रचनेचा कणा आहे, हे केवळ कथानकाचा आराखडा काढणाऱ्या समीक्षकाच्या लक्षात येणार नाही.

अलीकडे या प्रकाराने भारतीय सामग्रीकडेही वळण घेतले आहे. भारतीय वंशाच्या ब्रिटिश लेखिका ताशा सुरी यांची ‘द बर्निंग किंगडम्स’ ही त्रयी (२०२१-२०२४) भारतीय इतिहास आणि महाकाव्ये यांच्या छायेतील एका साम्राज्यात घडते. मालिनी या राजकन्येला तिचा सम्राट भाऊ अग्नीत आत्मार्पण करण्यास सांगतो. नकार दिल्याबद्दल ती एका पडक्या देवालयात बंदिवान होते, आणि तेथे एकेकाळी त्या देवालयाचीच लेक असलेली प्रिया दासी म्हणून येते. स्त्रीच्या देहासाठी चिता रचणारी संस्कृती आणि त्या चितेला नकार देणाऱ्या दोन स्त्रियांचे प्रेम, ही योजना सतीचा इतिहास जाणणाऱ्या वाचकाला परकी वाटणार नाही. येथे अंताचा प्रश्न अक्षरशः अग्नीच्या रूपाने आरंभीच उभा केला आहे, आणि तीन खंड त्या अग्नीपासून दूर जाण्यासाठी खर्ची पडले आहेत.

मराठीत अशी मालिका झाल्यास ती कोणत्या परंपरेला धरून चालेल, हा प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अभ्यासासाठी घ्यावा असे सुचवावेसे वाटते. ‘मुक्तामाला’पासूनचा अद्भुताचा वारसा आपल्याकडे आहे, महाभारतातील शिखंडी आणि बृहन्नडा यांची आख्याने आहेत, क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीची सवय तर हरिभाऊंच्या ‘करमणूक’नेच आपल्या वाचकाला लावली. सामग्रीची वाण नाही. उणीव आहे ती एका गृहीताची, की समलिंगी प्रेमिकांविषयीची गोष्ट त्यांच्या विरहाशी संपलीच पाहिजे असे नाही. ती पुढच्या खंडात, त्यांच्या घरी, चालू राहू शकते.